महायाजकाचीं वस्त्रें

इ. स. ४४ मध्यें यहुद्यांचा राजा पहिला अग्रिप्पा वारला आणि त्याचें राज्य रोमन सरकारनें खालसा केलें. कस्पियस फादस नांवाचा नवा कारभारी त्या प्रांतावर नेमला गेला. सिरियाचा सुभेदार कॅसियस लाँगिनस हाहि त्या सुमारास मोठें सैन्य बरोबर घेऊन यरुशलेमेस येऊन राहिला. कारण फादस जी आज्ञा सोडणार होता ती कानीं पडतांच लोक बंड करून उठतील, अशी त्यास धास्ती वाटत होती. ती आज्ञा नव्या कराची नव्हती, कीं शस्त्रें हवालीं करण्याचीहि नव्हती. फादसनें प्रमुख याजकांस व शहरांतील पुढाऱ्यांस बोलावून सांगितलें कीं, महायाजक उत्सवाच्या दिवशीं जीं वस्त्रें अंगावर घालतो तीं पूर्वीप्रमाणें, देवळाला लागून असलेल्या अँटोनिया किल्ल्यांत, रोमन शिपायांच्या ताब्यांत आणून ठेवावीं. पुढाऱ्यांनीं दंगा केला नाहीं. त्यांनीं थेट बादशहाकडे दाद मागण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळावी म्हणून आपले पोटचे मुलगे ओलीस ठेवले.

एका माणसाच्या अंगावरच्या कपड्यांसाठीं एका बाजूस फौज आणि दुसऱ्या बाजूस ओलीस ठेवलेलीं मुलें, हा प्रकार प्रथमदर्शनीं विलक्षण वाटेल. ही हकीकत ज्यानें लिहून ठेवली तो जोसेफस स्वतः याजककुळांत जन्मलेला होता. आपल्या ग्रंथांत या वस्त्रांच्या ताब्याची गोष्ट त्यानें तीन निरनिराळ्या ठिकाणीं सांगितली आहे, यावरून तिचें महत्त्व त्यास केवढें वाटत होतें तें दिसून येतें. त्या वस्त्रांत असें होतें तरी काय, हें पाहिल्यावांचून ही गोष्ट उलगडावयाची नाहीं.

निर्गम नांवाच्या ग्रंथाचा २८ वा अध्याय या वस्त्रांच्या वर्णनानें भरलेला आहे, व ३९ व्या अध्यायांत तीं कशीं तयार झालीं तें सांगितलें आहे. डोंगरावर मेघगर्जनेंत मोशेची ईश्वराशीं गांठ पडते, आणि थोड्याच पानांनंतर विणकर, शिंपी, सोनार व जडावकाम करणारे यांच्या कारखान्यांत आपण येऊन उभे राहतों. पुष्कळ वाचक येथें कंटाळतात व तीं पानें उलटून पुढें जातात. आमच्या मतें ते एका फार मोठ्या गोष्टीस मुकतात. कारण या लोकांनीं आपल्या देवाची मूर्ति कधीं घडविली नाहीं, आणि मूर्ति घडविण्यांत इतर राष्ट्रांनीं जी कला व जी श्रद्धा ओतली, ती यांनीं देवापुढें उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पोषाखांत ओतली.

साध्या याजकाचीं वस्त्रें चार होतीं: कमरेपासून मांड्यांपर्यंत पोहोंचणारा चोळणा, अंगांत लांब अंगरखा, त्यावर कमरबंद आणि डोक्यास फेटा. चोळण्याचें कारण ग्रंथांतच दिलें आहे. वेदीजवळ वावरतांना याजकाची नग्नता दिसूं नये. हीं वस्त्रें ज्या कापडाचीं असत त्यास मराठींत सणाचें किंवा तागाचें कापड म्हणण्याची चाल पडली आहे, पण तें झाड खरोखर जवसाचें. जवसाच्या खोडाचे तंतु काढून, कातून व शुभ्र करून तें कापड विणीत. मिसर देशांतले याजकहि केवळ अशाच कापडाचीं वस्त्रें नेसत, असें हिरोडोटस सांगतो. मात्र ते पायांत पपायरसच्या वहाणा घालीत, आणि इस्राएलांच्या याजकांच्या पोषाखांत पादत्राणाचा उल्लेखच नाहीं. ते देवळांत अनवाणी वावरत. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मसंहितेंत देवळाच्या अधिकाऱ्यांची एक यादी आहे. तींत बेन अहिया नांवाचा मनुष्य पोटाच्या विकारांवर नेमलेला आढळतो. टीकाकार याचा उलगडा असा करतात कीं, याजक थंडगार फरसबंदीवर अनवाणी चालत व मांस पुष्कळ खात, म्हणून त्यांचीं पोटें बिघडत. त्याच यादींत पिन्हास नांवाचा एक अधिकारी वस्त्रांवर नेमलेला आहे. जुने झालेले चोळणे व कमरबंद टाकून देत नसत. त्यांच्या वाती वळून मांडवांच्या सणाच्या रात्रीं देवळाच्या अंगणांतील मोठमोठ्या दिव्यांत जाळीत.

महायाजकाच्या अंगावर यांखेरीज आणखी चार वस्तु चढत. एक सबंध निळा झगा असे. गळ्याशीं तो फाटूं नये म्हणून तेथें विणीव गोट असे, आणि खालच्या घेराला निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताचीं डाळिंबें लावून त्यांच्या मधून मधून सोन्याचीं घुंगरें ओंवलेलीं असत. तो पवित्र स्थानांत जाई व बाहेर येई तेव्हां घुंगरांचा नाद ऐकूं यावा, म्हणजे तो मरणार नाहीं, असें ग्रंथकार म्हणतो. एवढ्या शोभिवंत वस्तूच्या शेजारीं मरणाचा हा शब्द अचानक येतो, आणि तेथें वाचणारा क्षणभर थबकतो. इ. स. २०११ मध्यें एली शुक्रोन व रोनी राइख या संशोधकांस यरुशलेमच्या एका प्राचीन सांडपाण्याच्या मोरींत सोन्याची लहानशी घंटी सांपडली. तिला वस्त्रावर अडकविण्याची कडी आहे, व दुसऱ्या देवळाच्या अखेरच्या काळांत कोणा बड्या मनुष्याच्या वस्त्रावरून ती गळून पडली असावी. ती महायाजकाच्याच झग्याची, असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं. तथापि हलविली असतां ती अजून वाजते.

झग्यावर एफोद बांधीत. त्याचा आकार नेमका कसा होता याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. पण त्याचें विणकाम मोठें नाजूक होतें, हें निश्चित. सोनें ठोकून त्याचे पातळ पत्रे करीत, ते कापून तारा काढीत व त्या तारा रंगीत सुतांत मिळवून विणीत. तालमूदांत हिशेब दिला आहे तो असा कीं, चार प्रकारच्या सुतांपैकीं प्रत्येकाचे सहा पदर व त्यांत सोन्याची एक तार, मिळून एका धाग्यांत २८ पदर असत. एफोदाच्या दोन्ही खांद्यांवर एकएक रत्न बसविलेलें असे, आणि त्या प्रत्येकावर इस्राएलाच्या सहा पुत्रांचीं नांवें, जन्माच्या क्रमानें, मुद्रा कोरतात तशीं कोरलेलीं असत. छातीवर ऊरपट. तो वीतभर लांब, वीतभर रुंद, दुमडून दुहेरी केलेला, एखाद्या बटव्यासारखा. त्यावर तीन तीनांच्या चार ओळींत बारा रत्नें, आणि दर रत्नावर एकेका वंशाचें नांव. या रत्नांच्या हिब्रू नांवांचे अर्थ आज निश्चित लागत नाहींत. भाषांतरांत माणिक, पुष्कराज, पाचू अशीं जीं नांवें येतात तीं पुष्कळशीं अंदाजाचीं आहेत. हिरा तर त्यांत नसावाच, कारण हिऱ्यावर अक्षर कोरण्याचें साधन त्या काळीं नव्हतें.

रत्नांची जात कोणतीहि असो, या पोषाखाची खरी खूण त्या नांवांत आहे. राजाच्या अंगावरचें जवाहीर राजाचें वैभव सांगतें. या मनुष्याच्या खांद्यांवर बारा नांवें आहेत, छातीवर पुन्हां तींच बारा नांवें आहेत, आणि त्याचें स्वतःचें नांव अंगावर कोठेंहि नाहीं. बारा वंशांपैकीं दहा वंश इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास असुरी लोकांच्या स्वारींत देशोधडीस लागले. तरी दुसऱ्या देवळांतील महायाजक त्यांचींहि नांवें छातीवर घेऊनच आंत जात असे. डोक्यावरच्या मंदिलाला पुढच्या बाजूस निळ्या फितीनें सोन्याची एक पट्टी बांधलेली असे, व तीवर तो परमेश्वरास वाहिलेला आहे अशा अर्थाचीं अक्षरें कोरलेलीं असत. खांद्यावर लोकांचीं नांवें आणि कपाळावर देवाचें, अशा दोहोंच्यामध्यें हा मनुष्य सांपडलेला होता.

ऊरपटाच्या घडींत उरीम व थुम्मीम नांवाच्या दोन वस्तु ठेवीत. त्यांच्या योगानें ईश्वराचा कौल घेत असत. शौल राजाला अखेरच्या दिवसांत स्वप्नानें, उरीमानें वा संदेष्ट्यांच्या मुखानें कशानेंच उत्तर मिळालें नाहीं, असें शमुवेलाच्या पुस्तकांत आहे. बाबेलच्या हद्दपारींतून लोक परत आले तेव्हां हा कौल बंद पडला होता. कांहीं घराण्यांचें याजकपण संशयित ठरलें, तेव्हां उरीम व थुम्मीम असलेला याजक उभा राहीपर्यंत वाट पाहा, असें सुभेदारानें त्यांस सांगितलें. तसा याजक पुढें कधींच उभा राहिला नाहीं.

रंगांची हकीकत मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. तीन रंगांपैकीं किरमिजी रंग ओकाच्या झाडावर राहणाऱ्या एका बारीक किड्यापासून काढीत, आणि हिब्रू भाषेंत त्याच्या नांवांतच किड्याचा वाचक शब्द आहे. आमच्या वाचकांस गंमत वाटेल ती ही कीं, आपला किरमिजी हा शब्दहि फारसींतून आलेला असून त्याच्या मुळाशीं कृमि या संस्कृत शब्दाचाच सोयरा आहे. जांभळा व निळा हे दोन्ही रंग भूमध्यसमुद्रांतील गोगलगाईंपासून निघत. १९०९ मध्यें फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञानें १२,००० गोगलगाई फोडल्या, तेव्हां त्याच्या हातीं जांभळा रंग १.४ ग्रॅम आला; यावरून एका झग्याला किती जीव लागत असतील याचा अदमास घ्यावा. इस्राएल देशाच्या दक्षिणेस तिम्ना येथें तांब्याच्या खाणींपाशीं अशा रंगाचे लोंकरीचे धागे सांपडले, ते सुमारें इ. स. पूर्व १००० चे ठरले, व २०२१ मध्यें तें वृत्त प्रसिद्ध झालें. म्हणजे दावीदाच्या काळीं हा रंग त्या बाजूस पोहोंचलेला होता.

निळ्या रंगाला तखेलेत म्हणत. तो कसा काढीत हें ज्ञान मध्ययुगापूर्वींच नष्ट झालें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलंडांतील रादझिन येथील एका धर्मगुरूनें एका जातीच्या माकूळ माशापासून तो काढल्याचें जाहीर केलें, व हजारों लोकांनीं तो वापरलाहि. पण पुढें इस्राएलाचे मुख्य धर्मगुरु झालेले आयझॅक हर्झोग यांनीं १९१३ मध्यें लंडन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत दाखवून दिलें कीं, ती निळाई माशाची नसून रंग करण्याच्या क्रियेंतल्या रसायनांची आहे. एका विशिष्ट गोगलगाईचा रंग उघड्या उन्हांत धरला असतां जांभळ्याचा निळा होतो, हा शोध १९८० नंतर ऑटो एल्स्नर यांस लागला. अशा रीतीनें निघालेलें द्रव्य आणि आपल्याकडे नीळ या झाडापासून निघतें तें द्रव्य रसायनदृष्ट्या एकच. तालमूदांतील पंडित गिऱ्हाइकास वारंवार बजावीत असत कीं, झाडाच्या निळीनें रंगविलेलें सूत खरें तखेलेत म्हणून घेऊं नका! दोहोंत डोळ्यांस फरक दिसत नसे. ज्यानें विकलें त्याच्या सचोटीवरच सर्व भिस्त होती.

हा निळा धागा केवळ महायाजकाचाच नव्हता. लोंकर व जवसाचें सूत एकत्र विणलेलें वस्त्र सामान्य इस्राएल मनुष्यास वर्ज्य होतें. महायाजकाच्या एफोदांत मात्र तें मिश्रण मुद्दाम केलेलें असे. पण प्रत्येक इस्राएलानें आपल्या वस्त्राच्या टोंकांस गोंडे लावून त्यांत एक निळा धागा ओंवावा, अशीहि आज्ञा आहे, आणि जवसाच्या वस्त्रावर तो लोंकरीचा धागा येई तेव्हां वर्ज्य मिश्रण तेवढ्यापुरतें विहित होई. महायाजकाच्या झग्याचा एक तंतु जणूं प्रत्येक शेतकऱ्याच्या पदराला बांधलेला होता.

वर जें वर्णन दिलें तें अर्थात् शेवटचें, पूर्ण विकसित रूप होय. निर्गमांतील हा भाग हद्दपारीच्या सुमारास किंवा तीनंतर याजकवर्गानें सिद्ध केला, असें आधुनिक पंडितांपैकीं पुष्कळांचें मत आहे, व तें आम्हांस ग्राह्य वाटतें. कारण जुन्या कथांतून एफोद फार साधा दिसतो. बाल शमुवेल देवळांत साधा जवसाच्या कापडाचा एफोद घालून सेवा करी, आणि त्याची आई हन्ना दरवर्षीं यज्ञाला येतांना त्याच्यासाठीं एक लहान झगा शिवून आणी. मूल वाढत असलें पाहिजे, म्हणून झगा दरवर्षीं नवा. पण त्याला तिनें पाहिलेलें असे वर्षापूर्वीं, तेव्हां माप तिनें कशावरून घेतलें असेल? ग्रंथकार तें सांगत नाहीं. पुढील काळच्या सोन्याच्या तारा व रत्नें यांच्यापेक्षां हा एक झगा आमच्या मनांत अधिक घर करून राहिला आहे, हें कबूल केलें पाहिजे.

या वस्त्रांची पवित्रता आपल्या सोंवळ्याहून निराळ्या जातीची होती. सोंवळ्याला बाहेरचा स्पर्श झाला कीं सोंवळें विटाळतें. तेथें भीति उलट बाजूची. यहेज्केल संदेष्ट्यानें याजकांना असें बजावलें आहे कीं, बाहेरच्या अंगणांत लोकांमध्यें जावयाचें तर सेवेचीं वस्त्रें आधीं उतरून पवित्र खोल्यांत ठेवावीं व दुसरीं नेसावीं, नाहींतर वस्त्रांच्या स्पर्शानें लोक पवित्र होतील. पवित्र होणें हें तेथें सुखाचें नव्हतें. जी वस्तु देवाची झाली ती पुन्हां आपल्या रोजच्या कामाची राहत नाहीं. तेव्हां वस्त्राचें रक्षण लोकांपासून नव्हे, तर लोकांचें रक्षण वस्त्रापासून करावयाचें!

वर्षांतून एके दिवशीं, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, महायाजक परमपवित्र स्थानांत जात असे. आणि नेमक्या त्याच वेळीं तो सोनें, रत्नें, घुंगरें सर्व उतरून केवळ शुभ्र जवसाचीं चार वस्त्रें नेसत असे. पूर्वीं लोकांनीं सोन्याचें वासरूं करून पूजिलें होतें. तें सोनें अंगावर घेऊन क्षमा मागावयास कसें जावें, अशी उपपत्ति पुढील पंडितांनीं लाविली. त्या एका दिवसांत तो पांच वेळां स्नान करी व दर वेळीं वस्त्रें बदली. मिश्नेंत या पांढऱ्या वस्त्रांच्या किंमतीविषयीं वाद आहे. रब्बी मेईर म्हणतात कीं, सकाळचीं वस्त्रें मिसरांतील पेलुसियम येथल्या कापडाचीं, बारा माने किंमतीचीं, आणि दुपारचीं ‘हिंदवी’ कापडाचीं, आठशें झूझ किंमतीचीं असत. शंभर झूझांचा एक माने होतो. सकाळीं मिसरचें व दुपारीं हिंदुस्थानचें कापड! आपल्या देशाच्या कोणत्या बंदरांतून, कोणत्या विणकराच्या मागावरून तें गेलें, हें कोणासहि सांगतां यावयाचें नाहीं. पण यरुशलेमच्या देवळांत वर्षाच्या सर्वांत पवित्र दिवशीं महायाजकाच्या अंगावर जें वस्त्र असे त्याचें नांव आपल्या देशावरून पडलें होतें, एवढें या एका शब्दावरून कळतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अहरोन हा पहिला महायाजक. त्याचा अंतकाळ आला तेव्हां मोशेनें त्याला व त्याचा पुत्र एलाजार याला होर पर्वतावर नेलें, तेथें अहरोनाच्या अंगावरचीं वस्त्रें उतरून तीं एलाजाराच्या अंगावर घातलीं, आणि मग अहरोन तेथेंच मेला. अधिकार एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कसा जातो, तें याहून उघड करून सांगतां येणार नाहीं. आरंभीं महायाजकाच्या मस्तकावर अभिषेकाचें तेल ओतीत असत. परंतु दुसऱ्या देवळाच्या काळीं तें तेल उरलें नव्हतें. म्हणून मिश्नेंत दोन प्रकारचे महायाजक सांगितले आहेत: एक तेलानें अभिषेक झालेला, आणि दुसरा आठ वस्त्रें अंगावर चढल्यामुळें महायाजक झालेला. दुसऱ्या देवळांतील सर्व महायाजक या दुसऱ्या प्रकारचे. राजा नाहीं, कौल नाहीं, तेल नाहीं. उरलीं होतीं तीं वस्त्रें, आणि वस्त्रेंच मनुष्याला महायाजक करीत. अर्थात् ज्याच्या हातीं तीं वस्त्रें, त्याच्या हातीं महायाजक करण्याची किल्ली.

ही गोष्ट हेरोद राजानें कोणाहिपेक्षां आधीं ओळखली. त्याच्यापूर्वीं हस्मोनी घराण्यांतील हिर्केनस देवळाजवळ एक बुरूज बांधून तेथें राहत असे व आपलीं वस्त्रें तेथेंच ठेवीत असे. पण तो स्वतः महायाजक होता, तेव्हां त्यांत वावगें कांहीं नव्हतें. हेरोद याजककुळांतला नव्हता. त्यानें इ. स. पूर्व ३५ च्या सुमारास आपल्या बायकोचा भाऊ अरिस्टोब्युलस यास महायाजक केलें. हा सतरा वर्षांचा, उंच, देखणा मुलगा, हस्मोनी रक्ताचा. मांडवांच्या सणांत तीं वस्त्रें घालून तो वेदीवर चढला, तेव्हां लोकांचीं मनें भरून आलीं व त्यांच्या तोंडून आशीर्वादाचे उद्गार निघाले. हेरोदाला तेवढें पुरें झालें. थोड्याच दिवसांनीं यरीहो येथें जलक्रीडेच्या निमित्तानें हेरोदाच्या माणसांनीं त्या मुलाला पाण्याखालीं दाबून धरलें. हेरोदानें तो जुना बुरूज वाढवून त्याचा अँटोनिया किल्ला केला आणि वस्त्रें तेथेंच कुलपांत ठेवलीं. तीं आपल्यापाशीं असेपर्यंत लोक बंड करणार नाहींत, अशी त्याची खात्री होती, असें जोसेफस म्हणतो.

हेरोदाच्या वंशाकडून हा ताबा रोमनांकडे आला. पुढें कित्येक वर्षें असें चालत असे कीं, वस्त्रें किल्ल्यांतल्या एका दगडी खोलींत, याजकांच्या व देवळाच्या खजिनदारांच्या मोहोरेखालीं ठेवलेलीं असत. शिबंदीचा नायक तेथें रोज दिवा लावी. वर्षांतले तीन सण व प्रायश्चित्ताचा उपास या प्रसंगीं सात दिवस आधीं तीं याजकांच्या हवालीं करीत. याजक तीं शुद्ध करून घेत, महायाजक तीं घाली, आणि सणाचा दिवस सरला कीं पुन्हां किल्ल्यांत. बारा वंशांचीं नांवें रोमन नायकाच्या दिव्याच्या उजेडांत वर्षाचे बहुतेक दिवस पडून राहत. इ. स. ३६-३७ च्या सुमारास सिरियाचा सुभेदार व्हिटेलियस वल्हांडणाच्या सणांत यरुशलेमेस आला; लोकांनीं त्याचा मोठा सत्कार केला, व त्यानें वस्त्रांचा ताबा याजकांस परत दिला. तो पुन्हां काढून घ्यावयाचा होता म्हणून फादस बोलत होता.

रोमेस गेलेल्या शिष्टमंडळांत कॉर्नेलियस, ट्रायफो, डोरोथियस व योहान असे चौघे होते. मृत राजाचा तरुण मुलगा दुसरा अग्रिप्पा त्या वेळीं बादशहाच्या दरबारीं होता. त्यानें शब्द टाकला. क्लॉडियस बादशहानें विनंति मान्य केली व यरुशलेमच्या लोकांस तसें पत्र लिहिलें. त्या पत्राची तारीख २८ जून इ. स. ४५ अशी येते. क्लॉडियसविषयीं रोमन इतिहासकारांनीं फारसें चांगलें लिहिलेलें नाहीं. ज्याचा त्याचा धर्म ज्याच्या त्याच्या पूर्वजांच्या रीतीनें पाळला जावा, असें त्यानें त्या पत्रांत म्हटलें, तें तरी त्याच्या पदरीं टाकावें. ओलीस ठेवलेल्या मुलांचें काय झालें तें जोसेफस लिहीत नाहीं, पण पत्र आल्यावर त्यांस ठेवून घेण्याचें कारणच उरलें नव्हतें.

वस्त्रें मिळालीं, तीं पुरीं पंचवीस वर्षेंहि लाभलीं नाहींत. रोमनांविरुद्ध युद्ध पेटल्यावर, इ. स. ६७-६८ च्या सुमारास, देवळाचा ताबा जहाल पक्षानें घेतला व जुन्या घराण्यांस बाजूस सारून चिठ्ठ्या टाकून महायाजक निवडला. चिठ्ठी अफ्था नांवाच्या खेड्यांतल्या फन्नीच्या नांवानें निघाली. तोसेफ्ता या ग्रंथांतील परंपरेप्रमाणें बोलावणारे गेले तेव्हां तो कोणी म्हणतात दगड फोडीत होता, कोणी म्हणतात नांगर धरून होता. महायाजकपण म्हणजे काय हेंहि त्यास ठाऊक नव्हतें, असें जोसेफस लिहितो. त्याला ओढून आणलें, नाटकांतल्या पात्राप्रमाणें तीं वस्त्रें त्याच्या अंगावर चढविलीं, केव्हां काय करावयाचें तें शिकविलें, आणि दूर उभे राहिलेले याजक हें पाहून रडले. जोसेफस त्या पक्षाचा वैरी होता, तेव्हां त्याच्या लिहिण्यांत तिखटमीठ असणारच. पण वस्त्रेंच मनुष्याला महायाजक करतात हें तत्त्व एकदां मान्य केल्यावर, फन्नी हा महायाजक नव्हता असें म्हणावयाचें कोणत्या तोंडानें? हेरोदानें व त्यानंतर रोमन सुभेदारांनीं नेमलेल्या कित्येकांपेक्षां हा दगडफोड्या वाईट होता, असें आम्हांस वाटत नाहीं. तोच शेवटचा महायाजक.

इ. स. ७० मध्यें टायटसच्या सैन्यानें देऊळ जाळलें. देवळाचा खजिनदार फिनेयस कैद झाला. त्यानें याजकांचे अंगरखे, कमरबंद व दुरुस्तीसाठीं राखून ठेवलेला जांभळ्या व किरमिजी सुताचा सांठा रोमनांस दाखवून दिला आणि आपला जीव वांचविला. सोन्याची ती पट्टीहि रोमेस गेली असावी. कारण पुढील शतकांत, पट्टीवरचीं अक्षरें दोन ओळींत होतीं असा पाठ पंडित सांगत असतां, रब्बी एलियेझर बेन योसे मध्येंच म्हणाले कीं, मी ती रोमेंत पाहिली आहे, अक्षरें एकाच ओळींत आहेत. त्यानंतर ती कोणीं पाहिल्याची नोंद नाहीं.

वस्त्रें घालणारा कोणी उरला नाहीं, तेव्हां यहुदी लोकांनीं तीं आपल्या ग्रंथाला घातलीं. अनेक देशांतील प्रार्थनामंदिरांत तोरेच्या चर्मपटाच्या गुंडाळीला झगा चढवितात, कमरेला पट्टा बांधतात, समोर रुप्याचा ऊरपट टांगतात. मुंबईस सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ मध्यें प्रार्थनामंदिर स्थापिलें, त्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजांत चर्मपट लांकडी किंवा रुप्याच्या पेटींत उभा ठेवण्याची रीत आहे, व झग्याचें काम ती पेटी करते. पण वर, दोन्ही दांड्यांच्या टोंकांस, रुप्याचे घुंगरू लावलेले दोन गेंद तेथेंहि असतात, आणि ग्रंथ बाहेर काढला कीं ते वाजतात. त्यांस रिम्मोनीम म्हणतात. रिम्मोन म्हणजे डाळिंब.